थॉर्नबेकचा रस्ता सांगणारी सासू

आधी माझी बाजू ऐकून घ्या, मग काय हसायचं ते हसा. मी व्यवसायाने ऑडिटर आहे. संशय घेण्याचा मला पगार मिळतो — आणि खरं सांगायचं तर, पगार नसता तरी मी तो घेतलाच असता. लहानपणी शेजारच्या काकूंच्या अंगात यायचं, तेव्हा सगळी गल्ली हात जोडून उभी असायची आणि मी काकूंच्या पायाच्या अंगठ्याकडे बघत असायचे. ताल चुकला की अंगठा आधी थांबायचा, काकू मागून थांबायच्या. तेव्हापासून भुतं, देव्हारे, नजरा, स्वप्नातले दृष्टान्त... या सगळ्यांच्या अंगठ्याकडे बघायची मला खोड लागली.

इथे बहरीनमध्येही माझा तोच लौकिक. एकदा आमच्या नाटकाच्या तालमी हूरा भागातल्या एका हॉटेलच्या हॉलमध्ये चालल्या होत्या. भिंतीतून बाई रडल्याचा आवाज यायचा. नायिकेने तालमीला यायचं बंद केलं, दिग्दर्शकाने खिशात अंगारा ठेवला. मी मेंटेनन्सच्या माणसाला बोलावून एसीची जाळी उघडायला लावली. आतून रबराची एक सुटलेली पट्टी फडफडत बाहेर आली. ती मी सगळ्यांसमोर दोन बोटांत धरली आणि म्हणाले, “या पाहा बाईसाहेब. यांचं रडणं खलास.” तेव्हापासून आमच्या ग्रुपात अशा गोष्टी रंगायला लागल्या की मला हळूच चहा करायला आत पाठवतात.

म्हणूनच ही गोष्ट सांगताना मला थोडी लाज वाटते आणि बरीच मजाही. कारण हे घडलं भर दुपारी, एसी चालू असताना, माझ्या स्वतःच्या हॉलमध्ये. आणि त्यात संशयित म्हणून पहिल्या क्रमांकावर होत्या माझ्या सासूबाई.

आम्ही इथल्या सनद नावाच्या भागात राहतो. एका कंपाउंडमध्ये समोरासमोर घरं, मधे बदामाचं एक डेरेदार झाड, झाडाखाली बाक. घरात मी, नवरा नितीन, बारावीतली लेक ईरा आणि सासूबाई — आई. आई मूळच्या साताऱ्याकडच्या डोंगरातल्या. त्यांचं माहेरगाव त्या परकरात असताना धरणाखाली गेलं. पुढे त्यांनी आयुष्यभर पुनर्वसनातल्या वस्तीत आणि मग पुण्यात संसार केला, पण बोलणं मात्र त्या पाण्याखालच्या गावचंच राहिलं. इंग्रजी शून्य. हिंदीसुद्धा नको म्हणतात. कोल्ड स्टोअर म्हणजे इथलं वाणसामानाचं दुकान; तिथल्या केरळी पोऱ्याशी त्या ठणठणीत मराठीत बोलतात आणि तो बरोबर कोथिंबीर देतो. यातही मला संशय होताच, पण तो राहू दे.

आईंची एक सवय मला खुपायची. जेवायला बसल्या की पहिला लहानसा घास त्या ताटाच्या डाव्या बाजूला, बाहेर काढून ठेवत. जेवण झाल्यावर तो उचलून झाडाखाली नेऊन ठेवत.

“आई, मुंग्या होतात हो,” मी म्हणायचे.

“हूं देत. त्यास्नी काय प्वाट न्हाई व्हय?”

“पण कुणासाठी काढता?”

“आसू दे गं.”

हे ‘आसू दे’ म्हणजे आमच्या घरातलं बंद कपाट. किल्ली आईंच्या कनवटीला.

समोरच्या घरात वॉल्टर अंकल राहतात. नव्वदीला टेकलेले, काठीसारखे ताठ इंग्रज. तरुणपणी तेलाच्या कामावर इंजिनिअर म्हणून इथे आले ते इथलेच झाले. बायको इथेच गेली, मुलगा ऑस्ट्रेलियात. दर शुक्रवारी आमची कुकरची शिट्टी झाली की पाचेक मिनिटांत यांची बेल वाजायची. हातात बिस्किटाचा पुडा. मला वाटायचं, या गृहस्थांचा आमच्या आमटीवर डोळा आहे. एकदा मी मुद्दाम कुकर लावलाच नाही, पातेल्यात वरण शिजवलं. तरीही आले. म्हणजे आमटीवर नव्हता. मग कशावर होता?

तर होता आईंवर! म्हणजे... तसं नव्हे. हिवाळ्यात दोघं त्या बाकावर ऊन खात बसायची. आई लसूण सोलायच्या आणि मराठीत बोलायच्या. ते काठीच्या टोकाने वाळूत काहीतरी रेघोट्या ओढायचे आणि इंग्रजीत बोलायचे. त्यांना ‘अच्छा’ आणि ‘पानी’ एवढंच येत होतं. आणि तरी तास-तासभर चालायचं. मी खिडकीतून बघायचे. एक हसलं की दुसरं हसायचं. कशावर, देव जाणे.

एकदा मी बाहेर जाऊन विचारलंच, “अंकल, तुम्ही आईंना काय सांगता एवढं?”

“माझ्या गावाबद्दल,” ते म्हणाले. “थॉर्नबेक. ते आता नाही. धरणात गेलं.”

मी आईंना म्हटलं, “अहो आई, यांचं गावही धरणात गेलंय.”

आई लसणाची पाकळी सोलत म्हणाल्या, “म्हाईत हाय मला.”

“कसं माहीत?”

“आगं, बसतोय कसा ते बघ की. गाव गेलेला मानूस बाकाच्या कडंला बसतो.”

घ्या! आता याचं काय ऑडिट करणार?

थॉर्नबेक उत्तर इंग्लंडच्या डोंगरातलं. एक चर्च, एक शाळा, एक लोहारशाळा, दारावर घंटा बांधलेलं एक दुकान. ओढ्यात मेंढ्या धुवायच्या दिवशी शाळेला सुट्टी. सोमवारी सगळ्या गावाचे कपडे वाळत, त्यामुळे कुणाच्या घरात नवी चादर आली हे मंगळवारी सगळ्यांना ठाऊक. खालच्या शहराला पाणी हवं म्हणून धरण आलं. चर्चच्या आवारातल्या कबरी उघडून दुसऱ्या गावी नेल्या, घरांची छपरं काढली, आणि एका पावसाळ्यात पाणी चढलं.

त्या गावच्या उरल्यासुरल्या लोकांचा आणि त्यांच्या मुलांचा इंटरनेटवर एक ग्रुप आहे. जुने फोटो, आठवणी. वॉल्टर अंकलना बोटांनी टाइप करणं जमेना, म्हणून मी त्यांची लेखनिक झाले. खरं कारण वेगळं होतं — मला त्यांच्या आठवणी तपासून बघायच्या होत्या! आणि काय सांगू, तो ग्रुप म्हणजे हुबेहूब आपला गावकी-भावकीचा व्हॉट्सॲप ग्रुप. टपालपेटी दुकानाच्या उजवीकडे होती की डावीकडे, यावरून दोन म्हातारे महिनाभर भांडत होते. एकाने दुसऱ्याच्या आजोबांचं मेंढी-चोरीचं प्रकरण काढलं. मी रात्रीचं जेवण सोडून ते वाचायचे.

अंकल म्हणाले, दुकानदारीणबाईकडे शिव्या देणारा पोपट होता. ग्रुपच्या सेक्रेटरी पामेला — निवृत्त शिक्षिका, आणि माझ्यासारखीच जातिवंत संशयी बाई — यांनी लगेच लिहिलं, ‘अशी नोंद कुठेही नाही.’ मी मनात म्हटलं, सापडले म्हातारबुवा. पण आठवड्याने कॅनडातल्या एका आजीबाईंनी लिहिलं, त्या पोपटाने मला पहिली शिवी शिकवली. मी अंकलचा एक गुण वाढवला.

आता मुद्द्याचं. ग्रुपने जलाशयाच्या काठावर एक दगडी पाटी बसवायचं ठरवलं. जी माणसं हलवायची राहिली आणि पाण्याखालीच राहिली, त्यांची नावं तिच्यावर कोरायची. वॉल्टर अंकलना त्यात एक नाव हवं होतं. रोझ. त्यांची धाकटी बहीण. जन्मली आणि थोड्याच दिवसांत गेली. बाप्तिस्मा झाला नव्हता म्हणून चर्चच्या आवारात जागा मिळाली नाही. वडिलांनी तिला बाहेर कुठेतरी पुरलं. कबरी हलवायला माणसं आली तेव्हा तिची कुणाच्या यादीतच नव्हती.

पामेलाबाईंचं म्हणणं स्पष्ट होतं. “बाळ जन्मलं आणि गेलं हे कळलं. पण ते थॉर्नबेकलाच पुरलं कशावरून? कुठे? जागा दाखवा, नाव घालतो.”

मी असते तर हेच म्हणाले असते. आणि जागा अंकलना आठवेना. तेव्हा ते सहा-सात वर्षांचे होते. त्यातून वर्षभरात त्यांची स्मृती भराभर ओसरत चालली होती. मला ते कधी ‘डॉरथी’ म्हणायचे, ती त्यांची गेलेली बायको. डॉक्टरांनी सांगितलं होतं, आता हे असंच वाढत जाणार. एकदा बाकावर बसून मला म्हणाले, “मी विसरलो की तिची आठवण ठेवणारं जगात कुणी राहणार नाही. कुणीच नाही.”

तिकडच्या गेल्या उन्हाळ्यात पावसाने दडी मारली आणि जलाशय आटला. थॉर्नबेक वर आलं! पामेलाबाईंनी कळवलं — शुक्रवारी मी गाळात उतरते, फोनवर व्हिडिओ कॉल करू, मिस्टर वॉल्टरनी मला जागा दाखवावी. पुढच्या आठवड्यात पावसाचा अंदाज आहे. पाटीवरची नावंही त्याच आठवड्यात कोरायला जाणार. म्हणजे ही एकच संधी.

नितीन कामासाठी कॉजवेपलीकडे, सौदीत. ईराने फोन टीव्हीला जोडला. अंकल कोट घालून, टाय बांधून आले. ऑगस्टात! सनदला बाहेर अंगाची लाही होत होती आणि हे जणू लग्नाला निघालेले. टीव्हीवर गमबूट घातलेल्या, गोल चेहऱ्याच्या पामेलाबाई उगवल्या. मागे काठावर त्यांचा नवरा चहाचा थर्मास घेऊन उभा.

“तुम्ही सांगाल तशी मी चालते,” बाई म्हणाल्या. “कुठून सुरुवात?”

पडद्यावर नुसता चिखल. भेगाळलेला, करडा चिखल, त्यात इथे-तिथे दगडांच्या रांगा. अंकल बघत राहिले. पुढे वाकले. चष्मा काढला, पुसला, परत घातला.

“इथे... चर्च... नाही. थांबा.” मग माझ्याकडे वळून अगदी हळू म्हणाले, “डॉरथी, हे कुठलं गाव आहे?”

मी त्यांची खुर्ची पडद्याजवळ सरकवली.

“सावकाश, मिस्टर वॉल्टर,” पामेलाबाई म्हणाल्या, पण घड्याळाकडे बघून. मी त्यांची नजर ओळखते. पुरावा नसलेल्या फाइलकडे मी अशीच बघते.

तेवढ्यात आई स्वयंपाकघरातून आल्या. भाकऱ्या थापत होत्या, दोन्ही हात पिठाने पांढरे. टीव्ही बघून दारातच थांबल्या.

“आगं बया... पानी आटलं?”

“हो आई, आटलं.”

“कवा? नितीन बोलला न्हाई मला.”

या वाक्याशी मी थांबायला हवं होतं. ऑडिटर म्हणून माझी ही घोडचूक. नितीनचा इथे काय संबंध, एवढा एक प्रश्न विचारला असता तर... पण माझं सगळं लक्ष अंकलकडे होतं.

आई पुढे आल्या. “त्या बाईला म्हणावं हितं उभी ऱ्हाऊ नगं. हितं गाळ खोल हाय. पाराकडनं ये.”

पार? मी नीट बघितलं. लांबवर एका प्रचंड झाडाचा बुंधा होता, भोवती दगडांचा गोल कठडा. मला वाटलं, चला, म्हातारी काहीतरी म्हणतेय, वेळ तरी जाईल. मी इंग्रजीत सांगितलं, “पामेला, त्या बुंध्याच्या बाजूने या.” बाई वळल्या. त्या जिथे उभ्या होत्या तिथे त्यांच्या बुटाच्या खड्ड्यात बुडबुडे येत होते.

“आता पाराच्या मागनं देवळाची भिंत लागंल.”

भिंत लागली. म्हणजे भिंतीचा पाया. रुंद, घडीव दगडांचा.

“चर्च!” अंकल खुर्चीत सरळ झाले. “ते चर्च आहे!”

“हां, देऊळ,” आई त्यांना म्हणाल्या. “आता त्याच्या उजव्या अंगानं पाणंद उतरती बघा, अण्णा.” अंकलना त्या पहिल्यापासून अण्णाच म्हणतात.

“येस,” अण्णा म्हणाले. “येस, द लेन.”

दोन बाजूंना दगडी बांध आणि मधून खोलगट वाट. मी भाषांतर करत होते, पामेलाबाई चालत होत्या. आणि ईराने माझ्या कानाशी तोंड आणलं.

“मम्मा, शी इज नॉट वेटिंग फॉर यू.”

“काय?”

“आजी बोलली की ती वळते. तू ट्रान्सलेट करायच्या आधीच.”

मी म्हटलं, नेटवर्क. आवाज उशिरा पोचत असेल, चित्र... पण उशिरा पोचलं तर ती उशिरा वळेल, आधी कशी वळेल? माझ्यातला ऑडिटर जागा झाला. पहिला संशय ईरावर — हिने आजीला आधी काही दाखवलंय. दुसरा अंकलवर, त्या वाळूतल्या रेघोट्यांमुळे. तिसरा पामेलाबाईंवर, त्यांना जागा माहीत आहे आणि त्या आमची परीक्षा घेतायत. तीन संशयित, आणि हाताशी एकच चाचणी. मी ती केली. नाट्यमय क्षणी आगाऊपणा करायचा ही माझी जुनी खोड.

आई म्हणाल्या, “वढ्याला लागायच्या आदी डाव्या हाताला वळ म्हणावं.”

आणि मी खणखणीत आवाजात म्हणाले, “टर्न राइट, पामेला. राइट.”

पामेलाबाई डावीकडे वळल्या.

अडखळल्या नाहीत. मागे वळून बघितलं नाही. उजवीकडे नुसता ढासळलेला बांध दिसत होता, डावीकडे दोन दगडांमधून वाट. ईरा माझ्याकडे बघत होती. माझ्या हातावर काटा आला, आणि एसी चोवीसवर होता, हे मी मुद्दाम बघून घेतलं.

“थांब,” आई म्हणाल्या. “हितंच. जात्याची तळी पालथी घातलिया वर. माती सार म्हणावं.”

याचं मी भाषांतर केलंच नाही. करताच आलं नाही. जात्याच्या तळीला इंग्रजीत काय म्हणतात हे मला आजही ठाऊक नाही. आणि तिकडे, हजारो मैलांवर, गमबूटवाल्या त्या बाई खाली वाकल्या आणि काठीने गाळ बाजूला करायला लागल्या.

गोल दगड. जाडजूड. मधोमध भोक.

मग अंकल उठले. काठी न घेता उठले.

“धार लावायचा दगड,” ते म्हणाले. “बाबांचा. कोल्हे उकरतील म्हणून आई रडत होती. बाबांनी लोहारशाळेमागून तो गडगडत आणला, आणि मी... मी मागून ढकलत होतो. पूर्ण विसरलो होतो मी. रोझ. रोझ तिथे आहे.”

ही गोष्ट त्यांनी मला कधी सांगितली नव्हती. ग्रुपवर कधी लिहिली नव्हती, लिहायला मीच तर होते.

पामेलाबाई गुडघ्यावर बसल्या होत्या. काठावरून नवऱ्याचा आवाज आला, “पॅम! रुतलीस का?” बाईंनी त्याला हाताने गप्प केलं.

आणि आई... आई टीव्हीजवळ गेल्या होत्या. पिठाचा हात त्यांनी पडद्यावर, त्या दगडावर ठेवला.

“हाईस व्हय रे राजा,” त्या म्हणाल्या. “हाईस अजून.”

“आई? कोण आहे तिथे?”

“माझा भाऊ. तान्हा. बारसं व्हायच्या आत गेला. तान्ह्याला जाळत न्हाईत गं, पुरत्यात. कोल्ही उकरत्यात म्हणून आबानं जात्याची तळी पालथी घातली. गाव उठलं तवा देव उचलले, टाक उचलले, पालखी उचलली. त्याला कोण उचलनार? त्याला नावबी नव्हतं हाक मारायला.” मग माझ्याकडे वळून, “नितीनला सांग, पानी हाय तवर जाऊन ये. न्हाय, पानी न्हाय तवर.”

तेव्हा मला कळलं. आई थॉर्नबेकचा रस्ता सांगतच नव्हत्या. आटलेलं धरण बघून त्यांना वाटलं होतं, हे त्यांचंच गाव. तो पार, ते देऊळ, ती पाणंद, सगळं साताऱ्याकडच्या डोंगरातलं. रस्ता त्या सांगत होत्या आपल्या भावाचा.

“आई,” मी म्हटलं, “हे आपलं गाव नाही. हे इंग्लंड आहे. अण्णांचं गाव.”

आईंनी पडद्याकडे बघितलं. अण्णांकडे बघितलं. ते ओक्साबोक्शी रडत होते.

“व्हय का?” त्या म्हणाल्या. जराही न दचकता. “मग त्या बाईला म्हणावं, घरी गेल्यावर पाय गरम पान्यानं धू. गाळ लई वंगाळ.” आणि भाकरी करपेल म्हणून आत गेल्या.

पुढचे कित्येक दिवस मी काय केलं असेल? ऑडिट! ईराचा फोन तपासला. तिने ‘दिस इज सो इन्सल्टिंग’ म्हणत स्वतःच हातात दिला. थॉर्नबेकचा जुना नकाशा कुठे मिळतो का शोधलं. ती डावीकडची वाट ग्रुपच्या नकाशातही नव्हती. साताऱ्याला नितीनच्या चुलतभावाला फोन केला, तर म्हणाला, “वहिनी, कसलं आटतंय? यंदा धरण काठोकाठ भरलंय.” नितीन परत आल्यावर त्याला सगळं सांगितलं, तर म्हणाला, “तू थकली असशील.” नवरे आणि नोकरशहा, दोघांकडेही स्पष्टीकरण तेवढंच.

मी स्वतःशी सगळी वजाबाकी करून बघितली. डोंगरातलं गाव कुठलंही असो, झाड, देऊळ, उतरती वाट आणि ओढा असणारच. मान्य. कोल्हे सगळीकडे उकरतात, बाप सगळीकडे जड दगड शोधतात. तेही मान्य. वाकल्यावर बाईंना गाळात दगडाची कड दिसली असेल, चला, तेही दिलं. पण मी ‘उजवीकडे’ म्हटल्यावर बाई डावीकडे का वळली?

शेवटी मीच पामेलाबाईंना फोन केला. बाई खुशीत होत्या. तो दगड आणि मिस्टर वॉल्टरची आठवण, एवढं पाटीच्या समितीला पुरेसं वाटलं होतं. खणायचं नाही असं अंकलनीच सांगितलं होतं. पाऊस सुरू झाला होता, गाव पुन्हा पाण्याखाली जात होतं.

“एक विचारू?” मी म्हटलं. “मी तुम्हाला ‘राइट’ म्हणाले होते. तुम्ही लेफ्टला वळलात.”

“तुम्ही? तुमच्याकडे माझं लक्षच नव्हतं हो,” त्या म्हणाल्या. “राग मानू नका. मी त्या आजीबाईंचं ऐकत होते. तुम्ही मधे-मधे का बोलताय, हेच मला कळत नव्हतं.”

“पण... त्या मराठीत बोलत होत्या.”

पलीकडे कप बशीवर टेकल्याचा आवाज आला.

“छे,” त्या म्हणाल्या. आवाज बदललेला. “माझी आजी तिकडच्या डोंगरातली. ती असंच बोलायची. हुबेहूब असंच.” आणि मग, “मला वाटतं, आपण याबद्दल समितीला काही सांगू नये.”

दोन संशयी बायकांचं एवढ्या पटकन एकमत होताना मी प्रथमच पाहिलं.

पाटीचा फोटो आला. करडा दगड, स्वच्छ अक्षरं, सगळ्यात शेवटी — रोझ. अंकलनी तो चौकट करून उशाशी ठेवलाय. आता ते मला रोजच डॉरथी म्हणतात, मुलाचं नावही अधूनमधून निसटतं. पण थॉर्नबेकची पाणंद विचारा, घडाघडा सांगतात.

माझ्याकडे याचा उलगडा नाही. तुमच्यापैकी कुणाकडे असेल तर जरूर सांगा. मी तो तपासून बघीनच. टीव्हीवरचा पिठाचा पंजा मात्र मी पुसलेला नाही. बातम्या बघताना त्रास होतो, होऊ दे.

आणि आई हल्ली ताटाबाहेर दोन घास काढतात. शेजारी-शेजारी. मुंग्यांबद्दल मी चकार शब्द काढत नाही. पण परवा राहवलं नाही. त्या भाकरी थापत होत्या, मी ओट्याला टेकून उभी राहिले आणि सरळ विचारलं.

“आई, खरं सांगा. त्या दिवशी तुम्हाला नक्की कुठलं गाव दिसत होतं?”

“आता तूबी?” आई म्हणाल्या. “काल बाकावर अण्णाबी ह्येच इचारत व्हते.”

मी सावरून उभी राहिले. “अण्णांनी विचारलं? कुठल्या भाषेत?”

आईंनी माझ्याकडे बघितलं. ते बंद कपाट असतं ना, तसं.

“सर बाजूला,” त्या म्हणाल्या. “भाकरी फुगतीया.”